बिनकळांचं बाळंतपण

"श्वास सोड," आई म्हणाल्या.

मी सोडला. आपल्या जुन्या युनिफॉर्मची पांढरी साडी फाडून त्यांनी एक लांब पट्टा केला होता. तो माझ्या पोटाभोवती गुंडाळून त्यांनी असा आवळला, की सोडलेला श्वास परत घ्यायला जागाच राहिली नाही.

"आई, माझ्या पोटाला काहीसुद्धा झालेलं नाही."

"म्हणून तर नीट बसतोय. बाळंतिणीच्या पोटावर पहिल्या दिवशी सरकत राहतो." त्यांनी गाठ मारली. "आता पड. उठायचं नाही."

"पण मी बाळंतीण नाहीये."

"मग हे लेकरू कुणाचं?"

लेकरू बाजेच्या कडेला दुपट्यात डोळे मिटून पडलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी जालन्यात कुणाकडेच नव्हतं, माझ्याकडे तर मुळीच नव्हतं. मी मुकाट्यानं आडवी झाले.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, एस्तेर हिवाळे. मिशनच्या दवाखान्यातल्या प्रसूतीच्या वॉर्डात त्यांनी उभी नोकरी काढली होती. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही एक शिक्षा होती. दर दुकानातून कुणीतरी मिशीवाला बाप्या बाहेर यायचा आणि हात जोडून म्हणायचा, "सिस्टर, मी तुमच्याच हातचा." आई त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "पायाळू होतास," आणि पुढे चालू लागायच्या.

अशा बाईच्या सुनेला लग्नाला अकरा वर्षं होऊनही मूल नव्हतं. यात देवाचा काहीतरी हेतू आहे यावर आमच्या चर्चच्या मंडळीचं एकमत होतं, फक्त तो कोणता हे ठरत नव्हतं. आमच्या पाळकबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी रणनवरेबाई, महिला मंडळात दर वर्षी 'ख्रिस्ती माता आणि तिचे घर' या विषयावर वर्ग घ्यायच्या. पवित्र शास्त्रातल्या झाडून सगळ्या वांझ बायकांना शेवटी मूल होतं. सारा झाली, राहेल झाली, हन्ना झाली, की प्रत्येकीपाशी सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. मातृदिनाच्या उपासनेनंतर देवळाच्या दारात प्रत्येक आईला एकेक गुलाब मिळायचा. पाळकबाई मलाही द्यायच्या. "विश्वासानं घ्या, सुनीतीबाई," म्हणायच्या. मी विश्वासानं घ्यायचे आणि घरी पोचेपर्यंत कुठंतरी विसरून यायचे.

शेवटी एका रविवारी जेवताना माझ्या यजमानांनी, शांतवननी, आईंना सांगून टाकलं, की औरंगाबादच्या एका संस्थेतून आम्ही मूल आणायचं ठरवलंय. मी ताटातल्या भाताकडे बघत बसले. माझी अपेक्षा होती, की रक्ताचा विषय निघेल, घराण्याचा निघेल, निदान थोडं रडणं तरी होईल.

आईंनी घास गिळला. "कधी?"

"कोर्टाचं झालं की. दिवाळीनंतर."

"थंडीत," त्या म्हणाल्या. "बरं पडेल."

कुणाला बरं पडेल ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात डिंक आला, खारीक आली, अळीव, खसखस, बाळंतशेपा, ओवा, गोडंतेल. मधली खोली सारवल्यासारखी स्वच्छ झाली. कुणाच्या तरी मळ्यातून एक काथ्याची बाज आली. तिच्याखाली ठेवायला शेगडी आली.

"आई, हे सगळं कुणासाठी?" शांतवननी विचारलं.

"बाळंतिणीसाठी."

"कोण बाळंतीण?"

आईंनी वॉर्डात पेशंट दाखवावा तसं माझ्याकडे बोट केलं. शांतवन हसायला लागले. मग त्यांनी आईचा चेहरा पाहिला आणि डिंकाची पुडी डब्यात भरायला घेतली.

आता बाकीचं जग काय म्हणत होतं तेही सांगते. मी शाळेत शिक्षिका होते. मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज नेला तर ते फार गोड हसले. "बाई, प्रसूती रजेसाठी प्रसूती लागते." मग मी आजारपणाची रजा टाकली. कोर्टाचं आणखी वेगळं होतं. त्या काळी आम्हा ख्रिस्ती लोकांना कायद्यानं मूल दत्तक घेता येत नसे. फक्त पालक म्हणून नेमणूक व्हायची, एखाद्या जमिनीवर व्हावी तशी. म्हणजे शाळेच्या लेखी मी आजारी होते, कोर्टाच्या लेखी पालक, आणि फक्त आमच्या मधल्या खोलीत बाळंतीण.

मुलगी दोनेक महिन्यांची होती. नाव आम्ही अबीगईल ठेवलं. तिला घेऊन आम्ही घरात पाऊल टाकलं, आईंनी दारात प्रार्थना केली, आणि आमेन म्हणताक्षणी मला तो पट्टा बांधायला घेतला.

मग सुरू झालं. सकाळी अंगाला तेल. आईंचे हात म्हणजे काय सांगावं, त्या हातांनी आयुष्यभर लोकांना या जगात ओढून काढलं होतं. मग कढत पाण्यानं अंघोळ, डोक्याला रुमाल, कानात कापूस, आणि बाजेवर आडवं होऊन खालून निखाऱ्यांचा शेक. ओव्याची धुरी. जेवायला बाजरीची भाकरी, लसणाचं तिखट नसलेलं तिखट, शेपूची भाजी, आणि संध्याकाळी बोकडाच्या पायांचं सूप. लाडू सकाळी एक आणि दुपारी एक. वर्तमानपत्र बंद, कारण डोळ्यांना ताण. खिडकीशी उभं राहायचं नाही, कारण वारा.

"आई, तुम्ही जन्मभर बायकांना ओरडत आलात, की खोलीत निखारे ठेवू नका म्हणून," मी एकदा म्हणाले.

"खिडकी उघडी आहे ना?"

"मग वारा लागत नाही का?"

"फार बोलतेस," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीनं कमी बोलावं. दात हलतात."

मला लाज वाटायची. लहान मुली भातुकलीत पोटाला उशी बांधून बाळंतपण खेळतात ना, तसं वाटायचं. फरक एवढाच, की माझ्या वयाला ते शोभत नव्हतं. आणि लाजेच्याही खाली एक भीती होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. अबी माझ्याकडे राहत नव्हती. मी उचललं की ती अंग ताठ करायची आणि रडायची. मी खूप पुस्तकं वाचली होती, वर्गही ऐकले होते, आणि त्यातलं काहीही तिला लागू पडत नव्हतं. खाली ठेवलं की गप्प. मला वाटायचं, हिला कळलंय.

"आई, जरा घेता का?" मी म्हणायचे.

"माझी पाठ धरलीय."

ही बाई पहाटे आडावरून दोन बादल्या पाणी आणत होती. पण अबीला घ्यायचं म्हटलं की त्यांची पाठ धरायची. बाटली त्या उकळून देत, दूध करून देत, लंगोट बदलून देत, पण घेत नसत. "तूच घे. पदराखाली घे, उघड्या अंगाशी. शेक आहे तोवर ऊब आहे." मग मी त्या धुरात, घामाघूम, कानात कापूस घातलेली, एका रडणाऱ्या मुलीला छातीशी धरून पडून राहायचे. जायला दुसरी जागाच नव्हती. तिलाही आणि मलाही.

पंधरवडा उलटला असेल, तेव्हा नाशिकहून रूथताई आल्या. माझी नणंद, शांतवनपेक्षा मोठी. मंडळीतले लोक त्यांच्या नावावरून नेहमी गंमत करायचे, की शास्त्रातली रूथ सासूला चिकटून राहिली आणि इथली लग्न झाल्यापासून आईकडे चार दिवससुद्धा राहत नाही. रूथताई यावर हसायच्या नाहीत.

त्या सकाळी आल्या. दार उघडंच होतं. हातात पिशवी, पिशवीत स्वतः विणलेला लाल स्वेटर. आत आल्या तर समोर मी बाजेवर पालथी आणि त्यांची आई खाली बसून माझ्या तळपायाला तेल चोळतेय.

"सलाम, ताई," मी मान वर करून म्हणाले.

"सलाम." त्या दारातच उभ्या होत्या. "काय झालं हिला?"

"बाळंतीण आहे," आई म्हणाल्या. हात थांबवला नाही.

रूथताईंनी अबीला पाहिलं, घेतलं, छान आहे म्हणाल्या, स्वेटर अंगाला लावून बघितला. अबी त्यांच्याकडे एकदम गप्प राहिली. मला ते लागलं. मग आईंनी बशीत लाडू आणून दिला. ताईंनी एक घास खाल्ला आणि थांबल्या.

"खसखस घातलीस."

"सुनीतीला आवडते."

"मलाही आवडते," रूथताई म्हणाल्या.

आई स्वयंपाकघरात गेल्या होत्या. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे.

कपाटावर आईंची निवृत्तीच्या वेळी मिळालेली ढाल होती, लाकडाची, पितळी पत्र्याची. तिच्यावर 'हजारो बाळांची माता' असं कोरलेलं होतं. ताई दुपारपर्यंत तिच्याकडे बघत बसल्या. जेवणं झाली. आईंनी शेगडीत निखारे भरून बाजेखाली सरकवले आणि सहज म्हणाल्या, "रूथ, बाहेर बादलीत लंगोट आहेत. तेवढे पिळून टाकतेस का? सुनीतीला पाण्यात हात घालायचा नाही अजून."

ताई उठल्या नाहीत.

"आई," त्या म्हणाल्या, "माझ्या पहिल्या वेळेला तू किती दिवस राहिलीस नाशिकला?"

आईंनी चिमटा खाली ठेवला.

"दोन दिवस," ताईंनी स्वतःच सांगितलं. "तिसऱ्या दिवशी सकाळी गेलीस. माझे टाकेसुद्धा काढले नव्हते. वॉर्डात दोन सिस्टर रजेवर आहेत म्हणालीस. देवाचं काम आहे म्हणालीस."

"होतंच तसं."

"आणि दुसऱ्या वेळेला आलीच नाहीस. लाडू पाठवलेस. एसटीच्या पार्सलनं. ते आले तेव्हा नुसता चुरा झाला होता, आई. मी चमच्यानं खाल्ला. डबा मांडीवर घेऊन, एका हातानं बाळ थोपटत, चमच्यानं चुरा खाल्ला. लंगोट मी धुतले. थंड पाण्यात. मला कुणी सांगितलं नाही, पाण्यात हात घालू नकोस म्हणून."

मी उठून बसले.

ताई माझ्याकडे वळल्या. "तुझा राग नाही, सुनीती. खरंच नाही. पण तू सांग. तुला कळा आल्या नाहीत, टाके पडले नाहीत, छाती दाटून ताप आला नाही. मग तुझ्या पायाला तेल कशाला?"

"मीही रोज तेच विचारते," मी म्हणाले.

"गावातल्या सगळ्या बायकांना वेळ दिला," ताई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चिरकला होता. "हजारो म्हणे. त्या ढालीच्या समारंभाला मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. देवाला माझ्या वेळेला दुसरी नर्स मिळत नव्हती?"

एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली. चारची गाडी मिळेल म्हणाल्या. चपला पायात घालायला लागल्या, पण डोळ्यांत पाणी असल्यामुळे की काय, उजवी डाव्या पायात जात होती.

आई जागच्या जागी उभ्या होत्या. या बाईनं नाळ गळ्यात अडकलेली मुलं सोडवली होती, पण मुलीला थांब म्हणायचं कसं हे तिला येत नव्हतं. तोंड उघडून मिटत होतं. मला वाटलं, आता ही गाडी गेली तर परत येणार नाही. अबी रडायला लागली होती. काय बोलावं ते मला सुचेना, आणि मग जे सुचलं ते इतकं घरगुती होतं, की आजही हसू येतं.

"ताई," मी म्हणाले, "निखारे वाया जातील."

"काय?"

"शेगडी भरलीय. मला आज शेक नकोय, पाठ भाजल्यासारखी झालीय. एवढे कोळसे पेटवलेत. वाया जातील." मी अबीला उचलून बाजेवरून खाली उतरले.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. आईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांना आपला आवाज सापडला, तो वॉर्डातला.

"रूथ, पिशवी ठेव. चपला काढ. झोप इथं."

"वेड लागलंय का तुला? माझा मुलगा सहावीत आहे!"

"मग? हिला तर पोटही नव्हतं."

"आई, मी चाळिशीला आलेय."

"पालथी झोप म्हटलं ना."

कशी कोण जाणे, पण त्या झोपल्या. मला वाटतं, तो आवाज ऐकून जालन्यात कुणीही झोपलं असतं. आईंनी पदर खोचला, हातावर तेल घेतलं आणि पाठीला हात लावला. रूथताई आधी हसल्या, मग बाजेच्या काथ्यात तोंड खुपसून रडल्या, आणि त्या रडत असताना आईंनी काहीही न बोलता कंबरेपासून मानेपर्यंत तेल जिरवलं. नंतर उठवून उभं केलं आणि तसलाच दुसरा पांढरा पट्टा काढला.

"श्वास सोड. आणखी. बारा वर्षांचं सुटलेलं आहे, एका दिवसात नाही बसायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे राहावं लागेल."

संध्याकाळी ताईंनी समोरच्या एसटीडी बूथवरून नाशिकला फोन केला. मी दारातून ऐकत होते. "अहो, मी आठ-दहा दिवस येत नाही. घरात बाळंतीण आहे. हो. मुलांना पिठलं करून घाला." खोटं काहीच बोलल्या नाहीत.

लंगोट शांतवननी पिळले.

तेव्हापासून मधल्या खोलीत दोन खाटा पडल्या आणि आमच्या घरात दोन बाळंतिणी झाल्या. एक जिला कळा आल्या नव्हत्या, आणि एक जिच्या कळा बारा वर्षांपूर्वी येऊन गेल्या होत्या. दोघींच्या कानांत कापूस, दोघींच्या डोक्याला रुमाल. लाडवांचा डबा मधे. रूथताई मन लावून बाळंतीण झाल्या. सूप पातळ आहे म्हणून तक्रार करायच्या. मी लाजत होते तशा त्या अजिबात लाजत नव्हत्या, आणि त्यांचं बघून माझीही लाज कमी होत गेली.

त्याच आठवड्यात पाळकबाई महिला मंडळाच्या चार जणींना घेऊन प्रार्थनेला आल्या. बाळ बघायची उत्सुकता होती आणि मला काय म्हणायचं याची अडचणही होती. अभिनंदन म्हणावं की धीर द्यावा, हे त्यांच्या वर्गात कुठं शिकवलेलं नव्हतं. आत आल्या आणि दोन खाटांमधे येऊन अडकल्या.

"सिस्टर," त्या हळूच आईंना म्हणाल्या, "बाळंतीण कोणती?"

"दोघी," आई म्हणाल्या.

पाळकबाईंनी रूथताईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगबाई! रूथ, आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस! काय झालं, मुलगा की मुलगी?"

"दोन्ही," रूथताई लाडू खात म्हणाल्या. "एक सहावीत, एक तिसरीत."

मंडळातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाळकबाई मात्र कसलेल्या होत्या. अशा वेळी काय करावं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटले. "हे कृपाळू प्रभू, तुझ्या या... या दोन्ही भगिनींना, ज्या आपापल्या... आपापल्या स्थितीत..." तिथं बराच वेळ थांबून त्यांनी सगळ्या जगातल्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली.

आमेन व्हायच्या आतच अबी रडायला लागली. पाळकबाईंनी प्रेमानं उचललं, हलवलं, एक गीत म्हटलं. अबी आणखी मोठ्यानं रडली. तिथल्या प्रत्येकीनं घेऊन बघितलं, सगळ्या लेकुरवाळ्या बायका. काही उपयोग झाला नाही.

"तिच्या आईकडे द्या," आई म्हणाल्या.

एक क्षण पाळकबाईंची नजर दोन खाटांमधे फिरली. मग त्यांनी अबीला माझ्याकडे दिलं. मी सवयीनं पदराखाली घेतलं. ती हुंदका देऊन गप्प झाली आणि माझ्या गळ्यापाशी नाक खुपसून श्वास घ्यायला लागली.

मी चकित झाले. पण बाळाच्या आईनं या गोष्टीनं चकित होऊ नये असं वाटून चेहरा तसाच ठेवला. रूथताईंनी ते पाहिलं असावं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि रुमालात हसल्या.

"सव्वा महिना झाल्यावर मंडळीपुढं आणायचं हं बाळंतिणीला आणि बाळाला," जाताना पाळकबाई म्हणाल्या. मला नाही, आईंना. पण म्हणाल्या.

रूथताई जायच्या आदल्या दुपारची गोष्ट आहे. अबी माझ्या अंगावर झोपली होती आणि मीही डोळे मिटून होते. शेजारच्या खाटेवर आई ताईंच्या पायाला तेल लावत होत्या.

"आई," ताई म्हणाल्या, "खरं सांग. हिचं एवढं का केलंस?"

तेलाच्या वाटीचा आवाज आला.

"तुझ्या पोटातून आलं होतं," आई म्हणाल्या. "तू आई नाहीस असं कोण म्हणणार होतं? हिला कोर्टानं आई म्हटलं नाही. शाळेनं म्हटलं नाही. गाव तर काय, तोंड दाबून हसायलाच बसलं होतं. बाळंतीण म्हटल्याशिवाय गाव आई म्हणत नाही. मी इतकी वर्षं बघतेय."

"आणि मला काय, आपोआप येत होतं सगळं?"

"तसं वाटलं मला." मग हळूच, "चुकलं."

मी डोळे आणखी घट्ट मिटले.

"तुझं कुणी केलं?" ताईंनी विचारलं. "माझ्या वेळेला?"

"माझं?" आईंना कुणी हा प्रश्न कधी विचारला नसावा. "माझी आई आधीच वारली होती. सासूला चालता येत नव्हतं. मी वॉर्डातच होते, आपल्याच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत एक बाई अडली. पोर आडवं होतं. डॉक्टरबाई औरंगाबादला गेलेल्या. नवी सिस्टर रडायला लागली. मग मी उठले."

"तिसऱ्या दिवशी?"

"चालवत होतं. भिंतीला धरून गेले."

"आणि मी?"

"तू रडत होतीस," आई म्हणाल्या. "तुला पाळण्यात ठेवून गेले. तुझा आवाज येत होता तिथवर. सगळा वेळ येत होता."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अबीनं झोपेत हात हलवला. मला वाटलं, आता ताई काहीतरी बोलतील. अशा वेळी माणसं काहीतरी मोठं बोलतात.

"ती वाचली का?" ताईंनी विचारलं.

"दोघं वाचली."

मी एक डोळा किलकिला केला.

"बरं केलंस," रूथताई म्हणाल्या. मग कूस बदलून दुसरा पाय पुढे केला. "आता हा. आणि जरा जोरात चोळ."